आवाजाची खोली

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वडील बहिणीनें एक काम हौसेनें अंगावर घेतलें. शाळेच्या नोकरींतून ती निवृत्त झाली होती, डोळे शाबूत होते, वाणी स्वच्छ होती. तेव्हां दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठीं मराठी पाठ्यपुस्तकें वाचून त्यांचें ध्वनिमुद्रण करून द्यावें, असें तिनें ठरविलें. दिवाणखान्यांत टेबलावर एक साधा मायक्रोफोन ठेवून तीन आठवडे ती रोज दोन तास वाचीत होती. सारें वाचन एका संस्थेकडे पाठविलें, आणि आठ-दहा दिवसांनीं तें परत आलें. सोबतच्या चिठ्ठीचा आशय थोडक्यांत असा होता : वाचन उत्तम आहे, पण आवाज घुमतो, मागें पंखा आणि रस्ता ऐकूं येतो, मुलांना अर्ध्या तासापलीकडे ऐकवत नाहीं. एखाद्या स्टुडिओंत जाऊन पुन्हां मुद्रण करून द्यावें.

स्टुडिओचें तासाचें भाडें विचारल्यावर ती गप्प बसली. रात्रीं जेवतांना मला म्हणाली, "काय रे, माझा आवाज चुकला, कीं माझें घर चुकलें?"

श्रोते हो, या प्रश्नाचें उत्तर मला त्या रात्रीं देतां आलें नाहीं. पुढें तें शोधतां शोधतां मी ध्वनिमुद्रणाच्या इतिहासांत शिरलों, आणि असें आढळलें कीं हाच प्रश्न गेल्या दीडशें वर्षांत मोठमोठ्या मंडळींना पडलेला आहे. त्यांनीं काढलेल्या उत्तरांचा इतिहास आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

माणसाचा आवाज टिपण्याची खटपट सुरू झाली तीच मुळीं अगदीं साध्या सामानानिशीं. पॅरिसमध्यें छापखान्याचा व्यवसाय करणाऱ्या स्कॉट द मार्तांव्हिल या गृहस्थानें १८५७ सालीं एक यंत्र सिद्ध केलें. दिव्याच्या काजळीनें माखलेला कागद, आणि आवाजानें थरथरणाऱ्या पडद्याला चिकटविलेला एक राठ केस. बोललें कीं केस हाले आणि काजळींत नागमोडी रेघ उमटे. रेघ दिसे, पण तिच्यांतून आवाज परत काढण्याची युक्ति कोणापाशींच नव्हती. ९ एप्रिल १८६० रोजीं त्यानें एका फ्रेंच गीताचा तुकडा असा कागदावर उतरविला. अमेरिकेंतील संशोधकांनीं संगणकाच्या साहाय्यानें त्या रेघेचा आवाज केला तो २००८ सालीं, म्हणजे १४८ वर्षांनीं.

ऐकविणारें यंत्र केलें तें एडिसननें, १८७७ च्या डिसेंबर महिन्यांत. फिरत्या नळकांड्यावर कथलाचा पातळ वर्ख गुंडाळलेला, त्यावर सुईनें खांचा पाडावयाच्या आणि त्याच खांचांवरून सुई पुन्हां फिरवावयाची. पहिल्यानें त्यानें त्यांत एक बालगीत म्हटलें. परंतु त्याहून मला विशेष वाटते ती त्यानें पुढल्या वर्षीं, जून १८७८ मध्यें, 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू' या नियतकालिकांत दिलेली यादी. या यंत्राचा उपयोग कशाकशाला होईल तें त्यानें तींत सांगितलें आहे. पत्रें सांगून लिहविणें आहे, संगीत आहे. शिवाय अंधांसाठीं बोलकीं पुस्तकें आहेत, आणि घरांतील माणसांचे आवाज व त्यांचे अखेरचे शब्द जपून ठेवणेंही आहे. म्हणजे माझ्या बहिणीचें काम १८७८ सालींच कोणीतरी योजून ठेवलें होतें!

मग तें प्रत्यक्षांत यावयास पन्नासाहून अधिक वर्षें कां लागलीं? एक कारण सरळ आहे. वर्ख थोड्याच वेळांत झिजे, आणि पुढें एमिल बर्लिनरनें १८८७ मध्यें सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढला तरी एका बाजूवर तीन-चार मिनिटांपलीकडे कांहीं मावत नसे. इतक्या वेळांत पुस्तकाचीं दोन पानेंही होत नाहींत. अमेरिकेंत १९३४ सालीं आणि इंग्लंडांत १९३५ सालीं अंधांसाठीं बोलकीं पुस्तकें सुरू झालीं, तीं तबकडी सावकाश फिरविण्याची सोय झाल्यावर. इंग्लंडांतील तबकडी मिनिटाला अवघे २४ फेरे घेई आणि एका बाजूवर सुमारें २५ मिनिटें वाचन चाले. पहिल्या महायुद्धांत दृष्टि गमावून परतलेल्या शिपायांची निकड या कामामागें होती. दुसरें कारण खोलीचें. त्याकडे आतां वळूं.

आपल्या देशांतील पहिलीं व्यापारी ग्रामोफोन-मुद्रणें झालीं तीं कोणत्याहि स्टुडिओंत झालेलीं नाहींत. १९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास होता आणि त्यानें हॉटेलाच्या खोल्यांतच आपला पसारा मांडला. विजेचा मायक्रोफोन त्या काळीं ध्वनिमुद्रणांत नव्हता. एक मोठा कर्णा, त्याच्या अरुंद टोकाशीं पडदा व सुई, आणि सुईखालीं फिरणारी मेणाची तबकडी, एवढाच सरंजाम. गाणाऱ्यानें तोंड कर्ण्यांत घालावें आणि जिवाच्या आकांतानें गावें. प्रसिद्ध गायिका गौहरजान यांनीं याच रीतीनें गाऊन शेवटीं आपलें नांव इंग्रजींत उच्चारलें. त्यामागें हेतु एवढाच, कीं तबकड्या जर्मनींत हानोवरच्या कारखान्यांत तयार होत आणि तेथील कारागिरांना कोणत्या तबकडीवर कोणाचें नांव छापावें हें कळावें.

आतां येथें कोणी विचारील, हॉटेलच्या खोलींत आवाज घुमला कसा नाहीं? याचें उत्तर असें कीं कर्णा जवळजवळ बहिरा होता. तोंड त्याच्यांत खुपसून ओरडावें तेव्हां कोठें त्याला ऐकूं जाई. भिंतींवरून परतणारा क्षीण ध्वनि त्याच्या कानीं पोंचतच नसे. खोलीचे दोष यंत्राच्या बहिरेपणानें झांकले गेले होते. तें झांकण १९२५ सालीं निघालें. त्या वर्षीं विजेच्या मायक्रोफोननें तबकड्या मुद्रित होऊं लागल्या, माणसें हळू बोलूं लागलीं, कुजबुजसुद्धां टिपली जाऊं लागली. आणि त्याबरोबर खोलीही ऐकूं येऊं लागली.

सुदैवानें खोलीचें शास्त्र त्याआधींच एका तरुणानें रचून ठेवलें होतें. १८९५ सालची गोष्ट. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठानें फॉग कलासंग्रहालयाच्या नव्या इमारतींत एक व्याख्यानगृह बांधलें, आणि तेथें व्याख्यात्याचा एक शब्दही धड कळेना. एक शब्द उच्चारल्यावर त्याचा निनाद सुमारें साडेपांच सेकंद रेंगाळे. तेवढ्यांत वक्त्याचे दहा-बारा शब्द पुढें गेलेले असत आणि सर्वांचा गलबला होई. हें कसें सुधारावें तें पहा, असें वॉलेस सेबाइन नांवाच्या सत्तावीस वर्षांच्या पदार्थविज्ञानाच्या अध्यापकास सांगण्यांत आलें. त्याच्याजवळ साधनें होतीं तीं ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचें घड्याळ आणि स्वतःचे कान. शहराचा गोंगाट थांबावा म्हणून तो मध्यरात्रीनंतर काम करी. जवळच्या नाट्यगृहांतील खुर्च्यांच्या गाद्या मदतनीसांकरवीं वाहून आणावयाच्या, थोड्याथोड्या मांडीत निनाद मोजावयाचा, आणि सकाळच्या आंत त्या जागच्या जागीं नेऊन ठेवावयाच्या, असा त्याचा क्रम होता. सगळ्या गाद्या मांडल्या तेव्हां साडेपांच सेकंदांचा निनाद सेकंदाहून थोडासा अधिक, इतका उतरला.

पुढें त्यानें यावरून नियम बसविला. खोलीचें घनफळ जितकें मोठें तितका निनाद लांबतो, आणि ध्वनि शोषून घेणारें सामान जितकें अधिक तितका तो आंखूड होतो. शोषणाचें माप म्हणून त्यानें उघडी खिडकी घेतली. कारण उघड्या खिडकींतून गेलेला ध्वनि परत येत नाहीं. नियम असा : खोलीचें घनफळ घनमीटरांत घ्यावें, त्यास ०.१६१ नें गुणावें, आणि तितक्या चौरस मीटर उघड्या खिडकीशीं बरोबरी करील एवढ्या शोषणानें भागावें. उत्तर सेकंदांत येतें.

आपल्या घरांतील एक खोली घ्या : साडेतीन मीटर लांब, तीन मीटर रुंद, तीन मीटर उंच. घनफळ साडेएकतीस घनमीटर. गुळगुळीत गिलावा, खालीं फरशी आणि सामान नाहीं, अशा खोलीचें शोषण दोन चौरस मीटरांच्या आसपास समजा. निनाद अडीच सेकंद निघतो. त्याच खोलींत गाद्या, जाड पडदे, कपड्यांनीं भरलेलें कपाट आलें आणि शोषण दहा चौरस मीटर झालें, तर निनाद अर्ध्या सेकंदावर येतो. या एका भागाकारांत माझ्या बहिणीच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर होतें. तिचा आवाज चुकला नव्हता. फरशी आणि उघड्या भिंती चुकल्या होत्या.

हें शास्त्र छापलेलें असूनही नभोवाणीच्या पहिल्या मंडळींना तें ठेंच लागूनच शिकावें लागलें. अमेरिकेंत पिट्सबर्गजवळ फ्रँक कॉनरॅड हा इंजिनियर आपल्या घरच्या गॅरेजमधून हौसेनें ग्रामोफोनच्या तबकड्या लोकांना ऐकवीत असे. त्याची लोकप्रियता पाहून त्याच्या कंपनीनें केडीकेए हें केंद्र काढलें, आणि २ नोव्हेंबर १९२० रोजीं तेथून अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगितले गेले. पुढें वाद्यवृंद ऐकवावयाची वेळ आली तेव्हां सभागृहांत तो इतका घुमला कीं सर्वांस गच्चीवर नेण्यांत आलें. गच्चीवर आवाज सुरेख निघाला. पावसापासून बचाव व्हावा म्हणून तेथें तंबू ठोकला. तंबूंतही आवाज चांगलाच राहिला, कारण कापड ध्वनि परत पाठवीत नाहीं. एके दिवशीं वाऱ्यानें तंबू उडाला. तेव्हां त्या मंडळींनीं काय केलें असेल? इमारतीच्या आंत तंबू उभारला! त्यावरूनच पुढें भिंतींना कापड लावलेला स्टुडिओ निर्माण झाला.

लंडनांत बीबीसीनें १९२३ च्या मे महिन्यांत सॅव्हॉय हिल येथें स्टुडिओ थाटला तेव्हां याच्या उलट टोंक गांठलें. भिंती, छत सारें कापडाच्या थरांनीं मढवून टाकलें. निनाद गेला खरा, पण त्याबरोबर आवाजांतील जीवही गेला. गाणाऱ्यांना स्वतःचा सूर ऐकूं येईना. थोड्याच वर्षांत तें कापड कमी करावें लागलें. खोली घुमूं नये, तशीच ती मुकीही होऊं नये, हा धडा त्यांतून मिळाला.

येथवरच्या गोष्टी कंपन्यांच्या आणि विद्यापीठांच्या झाल्या. आतां मुंबईकडे येऊं. मुंबईचें नभोवाणीकेंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें होतें. पण तेथें काय बोलावें हें सरकारच्या हातीं होतें. ८ ऑगस्ट १९४२ रोजीं गवालिया टँकच्या मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला, पुढारी तुरुंगांत गेले, वृत्तपत्रांवर बंधनें आलीं. अशा वेळीं उषा मेहता नांवाच्या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीनें आणि तिच्या सोबत्यांनीं गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. ४२.३४ मीटरांवर तो लागे. त्यांच्यापाशीं इमारत नव्हती, मढविलेल्या भिंती नव्हत्या. घर भाड्यानें घ्यावें, कांहीं दिवस तेथून बोलावें, आणि पोलिसांना सुगावा लागण्यापूर्वीं बिऱ्हाड हलवावें. असें सुमारें अडीच महिने चाललें. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांनीं दार फोडलें. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली आणि १९४६ पर्यंत त्या तुरुंगांत होत्या.

त्यांचें बोलणें स्टुडिओच्या तोडीचें स्पष्ट निघत होतें कीं नाहीं, हा प्रश्न तेव्हां कोणाच्या मनांत आला असेल असें वाटत नाहीं. परंतु मला त्यांतून एक गोष्ट उमगते. बोलण्याची जागा ज्याच्या हातीं असते त्याच्याच हातीं बरेचदां कोणी काय बोलावें हेंही असतें. म्हणून साध्या घरांतून स्वच्छ बोलतां येणें ही केवळ काटकसरीची बाब नव्हे.

त्यानंतर साधनें झपाट्यानें स्वस्त होत गेलीं. जर्मनींत १९३५ सालीं चुंबकीय फितीचें यंत्र लोकांपुढें आलें. फीत कापतां येई, जोडतां येई, चुकलेलें वाक्य पुन्हां म्हणतां येई. अमेरिकेंत लेस पॉल हा गिटारवादक अगोदर आपल्या गॅरेजमध्यें तबकड्यांवर थरावर थर चढवून मुद्रण करीत असे. १९४९ मध्यें त्याला फितीचें यंत्र मिळालें आणि पत्नी मेरी फोर्डसह त्यानें घरांतच गाणीं मुद्रित करून तीं जगभर गाजविलीं. १९६२ सालीं बेल प्रयोगशाळेंत सेसलर आणि वेस्ट या दोघांनीं इलेक्ट्रेट नांवाचा चिमुकला मायक्रोफोन केला, आणि चांगला मायक्रोफोन सामान्य माणसाच्या आवाक्यांत आला. १९६३ सालीं कॅसेट आली. २००० सालीं ऑडॅसिटी ही मुद्रण व संपादन करण्याची संगणक-प्रणाली मोफत उपलब्ध झाली. एके काळीं खोलीभर यंत्रें करीत तें काम ती घरच्या संगणकावर करते. मायक्रोफोन स्वस्त झाला, फीत गेली, संपादन फुकट झालें. स्वस्त होण्याचें राहून गेलें तें एकच, शांत आणि न घुमणारी खोली. २०२० सालीं टाळेबंदींत नभोवाणीचे अनुभवी निवेदकसुद्धां घरीं कपड्यांच्या कपाटांत तोंड घालून, नाहीं तर डोक्यावरून रजई घेऊन बातम्या सांगत होते. सेबाइनच्या गाद्यांपासून निघालेला रस्ता सव्वाशें वर्षांनीं पुन्हां गाद्यांपाशींच आला म्हणावयाचा.

हा इतिहास वाचल्यावर आम्हीं काय केलें तें सांगतों. कोणास उपयोगीं पडेल. दिवाणखाना सोडला आणि आंतली सर्वांत लहान, रस्त्यापासून दूरची खोली घेतली. तेथें कपड्यांचें कपाट होतें; तें उघडें ठेवून बहिणीनें त्याच्याकडे तोंड करून बसावें असें ठरविलें. तिच्या पाठीमागें आणि दोन्ही बाजूंस दोऱ्या बांधून गोधड्या टांगल्या. या गोधड्या आमच्या आईनें जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या, चांगल्या जाड. त्या भिंतीला न चिकटवितां चार-सहा बोटें पुढें टांगाव्या. त्यानें शोषण वाढतें. पातळ चादरीनें फारसा उपयोग होत नाहीं, आणि अंड्यांचे रिकामे ट्रे भिंतीला लावण्याची जी रीत सांगतात तिनेंही फारसें कांहीं साधत नाहीं. प्रथम उत्साहाच्या भरांत आम्हीं छतापर्यंत सर्व झांकून टाकलें, तों आवाज पेटींत कोंडल्यासारखा आला. कापड उंच स्वर शोषतें आणि खर्जाचा भाग तसाच ठेवतें, हें त्याचें कारण. सॅव्हॉय हिलची आठवण झाली. दोन गोधड्या काढल्या आणि एका बाजूस पुस्तकांची मांडणी ठेवली.

एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. गोधडीनें आंतला निनाद जातो, बाहेरचा गोंगाट अडत नाहीं. त्याला जड भिंत आणि घट्ट बसणारें दार लागतें, आणि तें खर्चाचें काम आहे. त्यावर आमचा उपाय सेबाइनचाच : वेळ बदलली. पहाटे पांच ते साडेसहा, पंखा बंद, शीतकपाट बंद, कुकर चढण्यापूर्वीं. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित् बाजूला ठेवला. अंतर निम्में केलें कीं तोंडून सरळ येणारा ध्वनि चौपट बळकट होतो आणि खोलीचा निनाद होता तेवढाच राहतो. घरगुती मुद्रणांत याहून स्वस्त सुधारणा नाहीं. आपल्या भाषेंतील फ, भ, ध यांसारख्या वर्णांचा श्वास मायक्रोफोनवर आदळून फट् असा आवाज होतो. म्हणून भरतकामाच्या लांकडी कड्यावर जुना पायमोजा ताणून तो मध्यें धरला. मुद्रणाची पातळी दाखविणारी खूण लाल रेषेच्या बरीच खालीं राहील अशी ठेवली. नवीन खर्च म्हणावा तो दोऱ्या आणि खिळे एवढाच.

तेंच पुस्तक बहिणीनें पहिल्या धड्यापासून पुन्हां वाचलें. या वेळीं तें परत आलें नाहीं. कांहीं महिन्यांनीं संस्थेकडून निरोप आला, कीं एका मुलीनें विचारलें आहे, या बाई इतिहासाचें पुस्तकही वाचून देतील का? ताईनें तो निरोप मला दोनदां वाचावयास लावला. आतां तिचें चौथें पुस्तक चालूं आहे.

शेवटीं एक सांगून आपली रजा घेतों. एडिसनच्या यादींतील दुसरी गोष्ट, म्हणजे घरच्या माणसांचे आवाज जपून ठेवणें, ती आमच्याकडून राहून गेली. आई ओव्या म्हणे, नातवंडांना गोष्टी सांगे. ध्वनिमुद्रण म्हणजे स्टुडिओ, मोठीं यंत्रें, पैसा, अशा समजुतीनें आम्हीं तें नेहमीं पुढच्या वर्षावर ढकललें. वास्तविक त्या काळींही घरांत कॅसेटचें यंत्र होतें आणि गोधड्या तर होत्याच. आज तिचा आवाज आमच्यापाशीं कोठेंच नाहीं; तिच्या गोधड्या मात्र पहाटे टांगल्या जातात, आणि त्यांच्यामध्यें बसून तिची मुलगी वाचते.

आपल्यांपैकीं ज्यांच्या घरीं आई-वडील आहेत, आजी-आजोबा आहेत, त्यांनीं एका शांत पहाटे अर्धा तास काढावा. खोली लहान निवडावी, पंखा बंद करावा, एक जाड गोधडी टांगावी, आणि त्यांना बोलतें करावें. खोली पुरेशी चांगली नाहीं म्हणून थांबूं नये. आम्हीं थांबलों होतों.